अपारंपरिक ऊर्जा व ऊर्जाबचत : भारतातील शासकीय साहाय्याचा इतिहास

सूर्य, वारा, लहान जलप्रवाह, शेण, उसाचे चिपाड यांसारख्या पुनःपुन्हा उपलब्ध होणाऱ्या उद्‌गमांपासून मिळणाऱ्या ऊर्जेच्या वापरास, त्याचप्रमाणे तेवढेच काम कमी ऊर्जेत करून घेण्याच्या उपायांस शासन विविध मार्गांनी उत्तेजन देते. अनुदान, सवलतीचे कर्ज, करसवलत, हमीचा खरेदी-दर, सक्तीची मानके व संशोधनास दिलेले द्रव्य हे त्यांतील प्रमुख मार्ग होत. अशा उत्तेजनाची गरज मुख्यतः दोन कारणांनी भासते. ऊन वा वारा फुकट मिळत असला, तरी त्यांच्यापासून काम करून घेणारे यंत्र महाग असते व त्याचा जवळजवळ सर्व खर्च आरंभीच करावा लागतो. दुसरे असे की, दगडी कोळसा, रॉकेल, शेतीपंपांची वीज यांनाही शासनाचे साहाय्य दीर्घकाळ मिळत आले आहे. त्यामुळे नव्या उद्‌गमांना त्यांच्याशी बरोबरीच्या अटींवर स्पर्धा करता येत नाही. भारतातील या साहाय्याचा इतिहास पाहू गेल्यास एक प्रश्न वारंवार पुढे येतो. साहाय्य यंत्राला द्यावयाचे की त्या यंत्रातून प्रत्यक्ष निघणाऱ्या ऊर्जेला, हा तो प्रश्न होय. निरनिराळ्या काळांत त्याची निरनिराळी उत्तरे देण्यात आली आणि त्यांची फळेही निरनिराळी मिळाली.

प्रारंभीचे प्रयत्न : मुंबईतील माटुंगा येथील कुष्ठधामात मैल्यापासून निघणारा वायू दिव्यांसाठी वापरण्याचा प्रयोग १८९७ च्या सुमारास झाला होता. परंतु तो मुख्यतः मैल्याची विल्हेवाट लावण्याच्या हेतूने केलेला प्रयोग होता, ऊर्जाविषयक धोरणाचा भाग नव्हता. स्वातंत्र्यानंतर वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने वाऱ्याच्या शक्तीचा अभ्यास करण्यासाठी १९५२ मध्ये उपसमिती नेमली आणि पुढे बंगलोर येथील राष्ट्रीय वैमानिकी प्रयोगशाळेने पाणी उपसणारी पवनचक्की तयार केली. दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेत एम्. एल्. घई यांनी परावर्तक आरशाच्या साहाय्याने अन्न शिजविणारी सूर्यचूल १९५३ च्या सुमारास तयार केली. या चुलीचा त्या वेळी बराच गाजावाजा झाला आणि ती बाजारातही आली. तथापि ती खपली नाही. स्वयंपाक भर दुपारी, उघड्यावर आणि आरसा सूर्याकडे वळवीत बसून करावा लागे. भाकरी तर तीवर भाजताच येत नसे. शिवाय जिच्या घरी सरपण व गोवऱ्या विनामूल्य जमविल्या जात, त्या गृहिणीला चूल विकत घेण्याचे कारणही नव्हते. या काळात शासनाचे साहाय्य प्रयोगशाळेच्या उंबऱ्यापाशी थांबत असे, असे म्हणावयास हरकत नाही. यास एक महत्त्वाचा अपवाद होता, तो म्हणजे गोबरगॅस.

गोबरगॅस : शेण पाण्यात कालवून हवाबंद जागी ठेवले असता सूक्ष्मजंतूंच्या क्रियेने त्यातून ज्वलनशील वायू निघतो. त्यात मिथेनाचे प्रमाण सामान्यतः ५५ ते ६० टक्के असते. उरलेल्या शेणकाल्यातील नायट्रोजन कायम राहत असल्याने त्याचे खतही उत्तम होते. एकाच शेणापासून इंधन आणि खत अशी दोन्ही मिळण्याची ही सोय भारतासारख्या देशात विशेष मोलाची होती, कारण गोवरी जळली की खत गेले, ही येथील शेतीची जुनीच अडचण होती. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेतील एस्. व्ही. देसाई यांनी १९३९ च्या सुमारास या विषयावर प्रयोग केले. जशभाई पटेल यांनी १९५१ मध्ये ‘ग्रामलक्ष्मी’ या नावाचे संयंत्र तयार केले. विटांनी बांधलेले विहिरीसारखे कुंड आणि त्यावर उपडी ठेवलेली, वायू साठताच वर उचलली जाणारी लोखंडी टाकी, अशी त्याची रचना होती. खादी व ग्रामोद्योग आयोगाने हाच नमुना स्वीकारला व १९६१-६२ पासून कर्ज आणि अनुदान देऊन त्याचा प्रसार सुरू केला. मुंबईजवळ बोरिवली येथील कोरा केंद्रात या संयंत्रावर पुढील प्रयोग होत असत. उत्तर प्रदेशात तत्कालीन इटावा जिल्ह्यातील अजितमल येथे १९६० मध्ये स्थापन झालेले गोबरगॅस संशोधन केंद्रही याच सुमाराचे होय.

महाराष्ट्रात या कामाला सफाईच्या चळवळीचीही जोड मिळाली. कणकवलीजवळच्या गोपुरी आश्रमात अप्पासाहेब पटवर्धन यांनी संडासाच्या रचनेवर जे प्रयोग केले, त्यांतूनच मैल्यावर चालणाऱ्या वायुसंयंत्राचा विचार पुढे आला. देहू येथील डॉ. एस्. व्ही. मापुसकर यांनी तो पुढे नेऊन ‘मलप्रभा’ हे संयंत्र विकसित केले. मापुसकरांना २०१७ मध्ये मरणोत्तर पद्मश्री देण्यात आली. मैल्यापासून निघालेल्या वायूवर स्वयंपाक करण्यास लोकांची मने तयार होणे ही यंत्ररचनेपेक्षा अवघड बाब होती आणि ती कोणत्याही अनुदानाच्या तक्त्यात मांडता येण्यासारखी नव्हती.

तरंगत्या टाकीच्या संयंत्रात वायूचा दाब कायम राहतो. परंतु लोखंड महाग, ते गंजते व दरवर्षी रंगवावे लागते. म्हणून चिनी नमुन्याच्या आधारे अजितमल येथे १९७८ मध्ये स्थिर घुमटाचे ‘जनता’ संयंत्र तयार करण्यात आले. त्यात लोखंडी टाकीच नव्हती. १९८४ मध्ये ‘अफप्रो’ या स्वयंसेवी संस्थेने त्याहून कमी विटांत होणारे ‘दीनबंधू’ संयंत्र पुढे आणले. केंद्र शासनाने १९८१-८२ मध्ये राष्ट्रीय गोबरगॅस विकास कार्यक्रम हाती घेतला. त्यानुसार संयंत्राच्या आकारमानाप्रमाणे अनुदान ठरविण्यात आले. अनुसूचित जाती-जमाती, लहान व सीमांत शेतकरी, भूमिहीन मजूर आणि डोंगराळ प्रदेश यांच्यासाठी त्याचे प्रमाण अधिक ठेवण्यात आले. संयंत्र बांधून ते चालू करून देणाऱ्या व काही काळ त्याची हमी घेणाऱ्या गवंड्यास वा संस्थेस वेगळे शुल्क देण्याची सोयही करण्यात आली. ही शेवटची तरतूद छोटी दिसत असली, तरी कार्यक्रमातील सर्वांत शहाणपणाची होती. कारण बिघडलेले संयंत्र एका गावात दहा जणांना परावृत्त करते.

या कार्यक्रमाखाली पुढील सु. चार दशकांत देशात ५० लाखांच्या आसपास कौटुंबिक संयंत्रे बांधली गेली. मात्र त्यांचा लाभ कोणास झाला, हे पाहणे अवश्य आहे. दोन घन मी. क्षमतेच्या संयंत्रास रोज सु. ५० किग्रॅ. शेण लागते, म्हणजे घरी चार-पाच गुरे हवीत. शिवाय पाणी व परसात मोकळी जागा हवी. अनुदान कितीही वाढविले, तरी ज्याच्याकडे एकच शेळी आहे त्याला संयंत्र बांधता येत नाही. उलट काही ठिकाणी असे घडले की, एरवी रानात वा रस्त्यावर पडलेले शेण गोळा करून ज्या बायका गोवऱ्या थापीत, त्यांना ते शेण मिळेनासे झाले, कारण गुरांच्या मालकाच्या दृष्टीने त्याला आता किंमत आली होती. यावर उपाय म्हणून सामुदायिक संयंत्रांचा विचार झाला. बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील अमूल्य रेड्डी व त्यांचे सहकारी यांनी तुमकूर जिल्ह्यातील पुरा या गावी केलेला प्रयोग या संदर्भात महत्त्वाचा आहे. तेथे गावातील शेणापासून सर्व घरांना स्वयंपाकाचा वायू देण्याची मूळ कल्पना होती. परंतु तेवढे शेण जमेना. तेव्हा १९८७ पासून त्याच वायूवर एंजिन चालवून पिण्याचे पाणी उपसणे आणि घरांना दिवे देणे असा बदल करण्यात आला व ती व्यवस्था बरीच वर्षे टिकली. गावाला प्रथम कशाची गरज आहे हे गावास विचारल्याशिवाय कळत नाही, हे या प्रयोगात काहीशा उशिरा, पण निश्चितपणे उमगले.

तेलसंकट व शासकीय यंत्रणा : ऑक्टोबर १९७३ मध्ये अरब-इझ्राएल युद्धानंतर खनिज तेलाची किंमत काही महिन्यांत सु. चौपट झाली. भारताच्या निर्यातीतून येणाऱ्या परकीय चलनाचा मोठा भाग तेलाच्या आयातीवर खर्च होऊ लागला. सुखमय चक्रवर्ती यांच्या अध्यक्षतेखाली १९७० मध्ये नेमलेल्या इंधन धोरण समितीने १९७४ मध्ये अहवाल सादर केला. त्यात तेलाऐवजी देशी कोळशावर भर देण्याची शिफारस प्रमुख होती आणि अपारंपरिक उद्‌गमांना दुय्यम स्थान होते. १९७९ मधील दुसऱ्या तेलसंकटानंतर मात्र हा दृष्टिकोन बदलला. मार्च १९८१ मध्ये अतिरिक्त ऊर्जा उद्‌गम आयोग स्थापन झाला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये नव्या व नवीकरणीय ऊर्जेविषयी संयुक्त राष्ट्रांची परिषद नैरोबी येथे भरली व तीत इंदिरा गांधी यांनी भाषण केले. सप्टेंबर १९८२ मध्ये ऊर्जा मंत्रालयात अपारंपरिक ऊर्जा उद्‌गम विभाग निर्माण करण्यात आला. महेश्वर दयाळ हे त्याचे पहिले सचिव. १९९२ मध्ये या विभागाचे स्वतंत्र मंत्रालय झाले. ऑक्टोबर २००६ मध्ये त्यास नवीन व नवीकरणीय ऊर्जा मंत्रालय हे नाव देण्यात आले. कर्जपुरवठ्यासाठी भारतीय अक्षय ऊर्जा विकास संस्था मार्च १९८७ मध्ये स्थापन झाली. राज्यांतही अशी अभिकरणे निघाली. महाराष्ट्र ऊर्जा विकास अभिकरण (‘महाऊर्जा’) हे १९८५ मध्ये नोंदविण्यात आले व पुढील वर्षी त्याचे काम सुरू झाले.

या नव्या विभागाने एकाच वेळी पुष्कळ गोष्टी हाती घेतल्या. त्यांपैकी सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम संख्येने सर्वांत मोठा होता. त्याखाली तीन कोटींहून अधिक चुली वाटण्यात वा बांधण्यात आल्या. परंतु मातीची चूल दोन-तीन वर्षांत फुटते, धुराडे काजळीने बुजते आणि उद्दिष्ट पूर्ण झाले की मोजणारा पुन्हा त्या घरी जात नाही. २००२ मध्ये केंद्राने हा कार्यक्रम बंद करून ते काम राज्यांकडे सोपविले. सूर्यचुली व पाणी तापविण्याची सौर साधने यांवरील थेट अनुदान १९९० नंतरच्या दशकात काढून घेण्यात आले. त्यांपैकी पाणी तापविण्याची साधने अनुदानावाचूनही शहरांत रुजली. पुण्यासारख्या काही महानगरपालिकांनी त्यांच्यासाठी मालमत्ता करात सूट दिली होती, तीही उपयोगी पडली.

वातशक्ती : वाऱ्यापासून वीज निर्माण करण्यास साहाय्य देताना शासनाने प्रथम केलेले काम मोजमापाचे होते. पुण्यातील वेधशाळेच्या उपकरण विभागात घडलेल्या ॲना मणी (१९१८–२००१) यांनी सेवानिवृत्तीनंतर भारतातील सौर प्रारण व वारा यांविषयीची आकडेवारी संकलित केली. त्यांचा वाऱ्याविषयीचा ग्रंथ १९८३ मध्ये प्रसिद्ध झाला व पुढे त्यांच्या मार्गदर्शनाखाली अनेक राज्यांत उंच मनोरे उभारून वाऱ्याची प्रत्यक्ष मापने घेण्यात आली. यंत्राला अनुदान देण्यापूर्वी ते कोठे उभारावे हे ठरविणारी ही आकडेवारी सर्वांना उपलब्ध करून देणे हेही साहाय्यच होते आणि दिलेल्या पैशांच्या मानाने ते सर्वांत फलदायी ठरले, असे म्हणता येईल.

वीजजालास जोडलेली पहिली पवनचक्की १९८५ मध्ये गुजरातेतील वेरावळ येथे उभारण्यात आली. तिची क्षमता ४० किवॉ. होती. १९८६ मध्ये ओखा, तुतिकोरिन व सिंधुदुर्ग जिल्ह्यातील देवगड येथे प्रत्येकी ५५ किवॉ.च्या पवनचक्क्यांचे प्रात्यक्षिक प्रकल्प सुरू झाले. त्यानंतर डेन्मार्कच्या साहाय्याने गुजरात व तमिळनाडूत मोठे प्रकल्प झाले. हे सर्व शासकीय खर्चाने झाले. १९९१ नंतर आर्थिक धोरण बदलले, तसे खाजगी भांडवलास आकर्षित करणे हे उद्दिष्ट बनले. पवनचक्कीची संपूर्ण किंमत पहिल्याच वर्षी घसारा म्हणून नफ्यातून वजा करण्याची मुभा, म्हणजे त्वरित घसारा, ही त्यातील सर्वांत प्रभावी सवलत ठरली. मंत्रालयाने १९९३ मध्ये राज्यांना केलेल्या सूचनांनुसार १९९४-९५ हे आधारवर्ष धरून प्रति-युनिट २·२५ रु. दर व त्यात दरसाल पाच टक्के वाढ सुचविण्यात आली.

परिणाम तात्काळ दिसला. कापडगिरण्या, सिमेंट कारखाने, चित्रपट व्यावसायिक अशा ज्यांचा विजेशी काहीही संबंध नव्हता, त्यांनीही आर्थिक वर्ष संपण्यापूर्वी पवनचक्क्या विकत घेतल्या. १९९४ ते १९९६ या काळात तमिळनाडूतील मुप्पंदल खिंडीत त्यांची दाटी झाली. परंतु कर वाचविण्याचा हेतू यंत्र उभे राहताच साध्य होत असल्याने ते किती फिरते याकडे मालकाचे लक्ष असण्याचे कारण नव्हते. काही यंत्रे कमी वाऱ्याच्या जागी उभारली गेली. काही येथील वीजजालाच्या चढउतारांना टिकली नाहीत. १९९६-९७ मध्ये कंपन्यांवर किमान पर्यायी कर आला, तेव्हा सवलतीचे आकर्षण घटले आणि नवी उभारणी एकदम मंदावली. पुढे घसाऱ्याचे प्रमाण ८० टक्के करण्यात आले. डिसेंबर २००९ मध्ये प्रत्यक्ष निर्माण केलेल्या प्रत्येक युनिटमागे ५० पैसे देण्याची उत्पादनाधिष्ठित योजना आली. जे साहाय्य यंत्राला मिळत होते, ते ऊर्जेला देण्याचा हा पहिला मोठा प्रयत्न होय. परंतु दोन्ही सवलती एकाच वेळी काढून घेतल्या गेल्याने २०११-१२ मध्ये सु. ३,२०० मेवॉ. असलेली नवी उभारणी २०१२-१३ मध्ये सु. १,७०० मेवॉ.वर आली. २०१४ मध्ये त्वरित घसारा पुन्हा देण्यात आला, तर एप्रिल २०१७ पासून तो ४० टक्क्यांपर्यंत मर्यादित झाला. त्याच वर्षी हमीच्या दरांऐवजी लिलावाची पद्धत आली. २०१६-१७ मध्ये विक्रमी सु. ५,५०० मेवॉ. उभारणी झाली होती. ती पुढील वर्षी दोन हजार मेवॉ.च्याही खाली घसरली. साहाय्य किती असावे याहून ते उद्या असेल की नाही, या अनिश्चिततेने या उद्योगाचे अधिक नुकसान केले.

महाराष्ट्रात पवनचक्क्यांचा खरा प्रसार १९९८ च्या राज्य धोरणानंतर झाला. विक्रीकरातील सवलत हे त्याचे मुख्य अंग होते. सातारा जिल्ह्यात पाटण तालुक्यातील वनकुसवडे पठारावर, कोयनेच्या जलाशयाच्या वरच्या अंगास, शेकडो पवनचक्क्या उभ्या राहिल्या. १९९५ मध्ये स्थापन झालेल्या व पुण्यात मुख्यालय असलेल्या सुझलॉन कंपनीची वाढ या प्रकल्पांबरोबर झाली. राज्य वीज नियामक आयोगाने नोव्हेंबर २००३ मध्ये नव्या प्रकल्पांसाठी पहिल्या वर्षी प्रति-युनिट ३·५० रु. व पुढे दरसाल १५ पैसे वाढ असा तेरा वर्षांचा दर ठरवून दिला. त्याच सुमारास अवर्षण पडले असता पवनचक्क्यांमुळे ढग पळतात व पाऊस पडत नाही, असा समज सातारा-सांगली भागात पसरला. त्यास शास्त्रीय आधार नाही. पर्जन्याचे ढग पवनचक्कीच्या पात्यांहून कितीतरी उंचावर असतात. तथापि हा समज पसरण्यामागे केवळ अज्ञान होते, असे समजणे योग्य नव्हे. जमिनी स्वस्तात गेल्या, करसवलत दूरच्या शहरातील मालकास मिळाली, वीज तारांवरून अन्यत्र गेली आणि पठाराखालच्या वाड्यांत पूर्वीप्रमाणेच भारनियमन चालू राहिले. ढगांविषयीच्या तक्रारीत ही तक्रारही मिसळलेली होती.

२००३ च्या वीज कायद्याने साहाय्याचा आणखी एक मार्ग खुला केला. वितरण कंपनीने आपल्या एकूण विजेचा ठराविक हिस्सा नवीकरणीय उद्‌गमांकडून घेतलाच पाहिजे, असे बंधन घालण्याचा अधिकार राज्य आयोगांना मिळाला. यामुळे साखर कारखान्यांत चिपाड (बगॅस) जाळून होणाऱ्या सहवीजनिर्मितीस स्थिर गिऱ्हाईक लाभले आणि महाराष्ट्रात या मार्गाने दोन हजार मेवॉ.हून अधिक क्षमता निर्माण झाली.

सौर वीज : प्रकाशविद्युत् घटांचे संशोधन भारतात १९७० नंतरच्या दशकात साहिबाबाद येथील सेंट्रल इलेक्ट्रॉनिक्स लि. या शासकीय कंपनीत सुरू झाले. सु. तीस वर्षे त्यांचा वापर दुर्गम गावांतील रस्त्यांवरील दिवे, कंदील, दूरध्वनी केंद्रे यांपुरता मर्यादित होता. जानेवारी २०१० मध्ये जवाहरलाल नेहरू राष्ट्रीय सौर अभियान जाहीर झाले व २०२२ पर्यंत २०,००० मेवॉ. हे उद्दिष्ट ठेवण्यात आले. महाग सौर वीज कोणी घ्यावी, ही अडचण एका युक्तीने सोडविण्यात आली : राष्ट्रीय औष्णिक वीज निगमाच्या वाटप न झालेल्या स्वस्त विजेत सौर वीज मिसळावयाची आणि ते मिश्रण सरासरी दराने राज्यांना विकावयाचे. यामुळे अर्थसंकल्पातून थेट अनुदान न देताही साहाय्य झाले. ते अर्थातच इतर वीजग्राहकांच्या खिशातून झाले.

केंद्रीय नियामक आयोगाने प्रति-युनिट १७·९१ रु. हा दर वाजवी मानला होता. त्याहून कमी दर मागणाऱ्यास प्रकल्प देण्याच्या उलट्या लिलावात डिसेंबर २०१० मध्ये सरासरी १२·१६ रु. दर निघाला. मे २०१७ मध्ये राजस्थानातील भडला येथे २·४४ रु. आणि डिसेंबर २०२० मध्ये गुजरातच्या लिलावात १·९९ रु. इतका तो उतरला. या उताराचे मुख्य कारण चीनमधील घटांच्या प्रचंड उत्पादनात होते. परंतु लिलावाने तो लाभ ग्राहकापर्यंत पोहोचविला, हेही खरे. देशी उत्पादकांचे मात्र हाल झाले. त्यांच्या संरक्षणासाठी अभियानात भारतीय घट वापरण्याची अट घालण्यात आली होती. ती स्फटिकी सिलिकॉनाच्या घटांनाच लागू असल्याने अनेक प्रकल्पांनी परदेशी पातळ पटलाचे घट वापरून तिला बगल दिली. अमेरिकेने २०१३ मध्ये या अटीविरुद्ध जागतिक व्यापार संघटनेकडे तक्रार केली. २०१६ मध्ये निकाल भारताविरुद्ध लागला. त्यानंतर आयात शुल्क (२०१८ व २०२२) आणि उत्पादनाशी निगडित प्रोत्साहन या वाटांनी तेच संरक्षण दुसऱ्या रूपात आले.

२०१५ मध्ये सौर विजेचे उद्दिष्ट १,००,००० मेवॉ. करण्यात आले. २०२२ अखेर सु. ६३,००० मेवॉ.पर्यंत मजल गेली आणि जानेवारी २०२५ मध्ये एक लाखाचा टप्पा ओलांडला गेला. मोठ्या प्रकल्पांपेक्षा घरांच्या छपरांवरील उभारणी फार मागे राहिली. तेथे वितरण कंपनीस आपले चांगले, वेळेवर पैसे भरणारे गिऱ्हाईकच गमवावे लागते, हे त्याचे प्रमुख कारण होय. फेब्रुवारी २०२४ मधील सूर्यघर योजनेत घरगुती ग्राहकास तीन किवॉ.साठी ७८,००० रु.पर्यंत अनुदान ठरविण्यात आले. महाराष्ट्रात धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात शिवाजीनगर येथे १२५ मेवॉ.चा शासकीय सौर प्रकल्प जर्मन कर्जाच्या साहाय्याने २०१३ मध्ये पूर्ण झाला.

ऊर्जाबचत : बचतीस साहाय्य करणे निर्मितीपेक्षा स्वस्त पडते, परंतु न जळलेल्या कोळशाचे उद्‌घाटन करता येत नसल्याने शासनांचे तिकडे दुर्लक्ष होते. १९७८ मध्ये खनिज तेल बचत संशोधन संघ स्थापन झाला. १९८३ मधील आंतरमंत्रालयीन कार्यगटाने उद्योगांत २५, वाहतुकीत २० व शेतीत ३० टक्के ऊर्जा वाचविता येईल, असा अंदाज दिला. परंतु त्यामागे कायद्याचे बळ येण्यास २००१ साल उजाडावे लागले. त्या वर्षीच्या ऊर्जा संवर्धन अधिनियमानुसार ऊर्जा दक्षता कार्यालय १ मार्च २००२ रोजी अस्तित्वात आले. शीतकपाट, वातानुकूलन यंत्र इत्यादींवर ताऱ्यांची चिठ्ठी लावण्याची योजना २००६ मध्ये ऐच्छिक स्वरूपात सुरू झाली व २०१० पासून काही उपकरणांस सक्तीची झाली. मोठ्या कारखान्यांसाठी २०१२ पासून जी योजना आली, तीत प्रत्येक कारखान्यास बचतीचे उद्दिष्ट देऊन जादा बचत विकण्याची मुभा देण्यात आली. तिच्या पहिल्या तीन वर्षांत ४७८ कारखान्यांनी मिळून खनिज तेलाच्या परिमाणात ६६·८६ लाख टनांच्या उद्दिष्टाऐवजी ८६·७ लाख टनांची बचत केली. काही अभ्यासकांच्या मते उद्दिष्टेच सौम्य होती. तसे असणे शक्य आहे.

एलईडी दिव्यांचा जानेवारी २०१५ पासूनचा कार्यक्रम या सर्वांत वेगळा होता. त्यात दिव्यावर अनुदान नव्हते. एनर्जी एफिशिएन्सी सर्व्हिसेस या शासकीय कंपनीने कोट्यवधी दिव्यांची एकत्र मागणी नोंदविली आणि त्या जोरावर २०१४ मध्ये ३१० रु.स मिळणारा दिवा २०१६ पर्यंत सु. ३८ रु.स खरेदी केला. ग्राहकाला तो विजेच्या बिलातून दरमहा दहा रु. हप्त्याने घेता येई. सु. ३६ कोटींहून अधिक दिवे असे विकले गेले आणि खुल्या बाजारातील किंमतही उतरली.

शेतीपंप : बचतीचे सर्वांत अवघड क्षेत्र हेच होय. १९७० नंतरच्या दशकापासून अनेक राज्यांनी शेतीच्या विजेची आकारणी मीटरऐवजी पंपाच्या अश्वशक्तीवर सुरू केली. त्यामुळे जास्त वीज खाणारा पंप वापरण्यात शेतकऱ्याचे काही जात नाही. उलट कमीअधिक दाबात तोच टिकतो. विहिरीच्या तळाशी असलेला फूट व्हॉल्व्ह (शेतकऱ्यांच्या बोलीत ‘फुटबॉल’) आणि अरुंद नळ बदलले, तरी बरीच वीज वाचते, हे गुजरातेतील प्रयोगांत दिसून आले होते. ऊर्जा दक्षता कार्यालयाने २००९ मध्ये शेतीपंप बदलण्याचा देशातील पहिला पथदर्शक प्रकल्प सोलापूर जिल्ह्यातील मंगळवेढे येथे हाती घेतला. त्यात शेतकऱ्याकडून पैसे न घेता पंप बदलावयाचे व वाचलेल्या विजेतून खर्च भरून काढावयाचा होता. परंतु मीटर नसता किती वीज वाचली, हे ठरविणेच वादाचे होते.

२०१७ मध्ये राज्याने मुख्यमंत्री सौर कृषिवाहिनी योजना सुरू केली. गावाजवळच्या उपकेंद्रालगत सौर प्रकल्प उभारून केवळ शेतीच्या वाहिनीस दिवसा वीज द्यावयाची, ही तिची कल्पना होय. केंद्राच्या २०१९ च्या कुसुम योजनेत स्वतंत्र सौरपंपांनाही मोठे अनुदान मिळू लागले. रात्री-अपरात्री पाणी देण्यास जाणे, अंधारात सापाचे भय, वीज आली की पंप आपोआप सुरू व्हावा म्हणून बसविलेले ऑटोस्विच आणि त्यामुळे वाया जाणारे पाणी ही ज्यांची रोजची कहाणी होती, त्या शेतकऱ्यांना दिवसाची वीज ही अनुदानाच्या रकमेहून मोठी वाटली, यात नवल नाही. मात्र सौरपंपाला इंधनखर्च नसल्याने तो ऊन असेपर्यंत चालविण्यास आर्थिक अटकाव राहत नाही. भूजलाची पातळी आधीच खालावलेल्या तालुक्यांत या पंपांना किती खोलीपर्यंत व कोणत्या अटींवर साहाय्य द्यावे, हा प्रश्न ऊर्जा विभागाइतकाच भूजल यंत्रणेचाही आहे.